बंद कारखान्याची शेड: पाडायची, की तिथे बसायचं?

मागच्या महिन्यात मामांना घेऊन एका कॅफेत गेले. कॅफे कसला, जुन्या कारखान्याची शेडच ती. लोखंडी खांब काळे रंगवलेत, भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्यात, आणि जिथे मशिनं उभी असतील तिथे आता टेबलं आहेत. मामा भोसरीला एका कंपनीत बत्तीस वर्षं टर्नर होते. वेटरने दिलेला मेन्यू त्यांनी उलटा धरला, कारण नजर छपराकडे. "नॉर्थ लाइट आहे," म्हणाले. मग छपराखालच्या लोखंडी कैच्यांमधले गाळे बोटाने मोजले. "अकरा गाळे दिसतायत. बारावा कुठे गेला?" बाराव्या गाळ्यात भिंत घालून स्वयंपाकघर केलं होतं. कॉफीचा दर वाचल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

बाहेर पडताना ते म्हणाले, "छान ठेवलंय गं. पण मला इथे रोज येऊन नुसतं बसायचं असेल तर?"

या प्रश्नापायी हा लेख लिहायला घेतला. पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या कारखान्यांच्या जागांवर टॉवर उभे राहताना आपण रोज बघतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "शेड पाडू नका, लोकांसाठी केंद्र करा." लगेच दुसरं कुणी, "त्या भंगारात काय करणार?" मग एफएसआय, टीडीआर, हेरिटेज असे शब्द सुरू होतात आणि निम्मे लोक ग्रुप म्यूट करतात. त्या निम्म्यांसाठी हे पहिल्यापासून सांगते.

पुण्याला हे नवं नाही

एका कामासाठी बांधलेली इमारत न पाडता दुसऱ्या कामाला लावायची, याला वास्तुरचनेच्या भाषेत 'अनुकूल पुनर्वापर' म्हणतात. शब्द जड आहे, आपण सरळ पुनर्वापर म्हणू. आपल्या घरात ही रीत होतीच. पितळी पातेलं काळवंडलं म्हणून कुणी फेकत नसे, कल्हईवाल्याकडे द्यायचे. पातेलं तेच, आतला थर नवा.

इमारतींचंही आपण हेच करत आलो. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा राजवाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे पालिकेची कार्यालयं आली. विद्यापीठाची मुख्य इमारत तर मुळात गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी बंगला, १९४९ नंतर तिथून विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. वाड्यांची मंगल कार्यालयं किती झाली, ते मोजतही बसत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र आपला हात पाडण्याकडेच जातो. वाड्याला इतिहास असतो आणि शेडला फक्त गंज, असा आपला समज आहे. पण खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे, स्टेशनपलीकडची राजा बहादूर मिल १८९३ ची. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडची रांग लागली. आजच्या पुण्यातली कितीतरी कुटुंबं या ना त्या भोंग्यावर वाढली आहेत. माझंही त्यातलंच.

शेड म्हणजे नुसता पत्रा नव्हे

कारखान्याच्या शेडमध्ये अशा तीन गोष्टी असतात, ज्या सभागृह बांधणाऱ्याला पैसे मोजून मिळवाव्या लागतात.

पहिली म्हणजे मोकळी जागा. वाड्यात दर काही फुटांवर खांब येतो, कारण लाकडी तुळई त्याहून लांब टिकत नाही. दोन खांबांमधल्या त्या अंतराला आपण खण म्हणतो, आणि 'चार खणी माजघर' असं घर मोजतो. कारखान्याला हे परवडत नाही, मशिनाच्या मध्ये खांब आला तर काम थांबेल. म्हणून छप्पर कैचीवर बसवतात. कैची म्हणजे त्रिकोण जोडत नेलेली लोखंडी चौकट. चार काठ्यांचा चौकोन केला तर तो डुगडुगतो, तिरका दाबला की पडतो. त्यातच एक काठी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मारा, दोन त्रिकोण होतात आणि चौकट हलत नाही. हलणाऱ्या स्टुलाला मागून तिरपी पट्टी ठोकतो, ते हेच. कैची सगळं वजन दोन टोकांच्या खांबांवर नेऊन सोडते आणि मधली जागा रिकामी राहते. दोनशे माणसांना एकमेकांची तोंडं दिसतील अशी जागा त्यातूनच मिळते.

दुसरी म्हणजे ताकद. इमारतीची जमीन किती वजन पेलेल, याचे भारतीय मानक आहे. राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. सभागृहासाठी ४०० ते ५००, कारण तिथे माणसं दाटीवाटीने उभी राहतात, नाचतात. जड यंत्रांच्या कारखान्यासाठी हाच आकडा १,००० पर्यंत जातो. म्हणजे जिथे लेथ आणि प्रेस मशिन उभी होती, त्या जमिनीला मंगळागौरीच्या फुगड्या काहीच नाहीत. घराच्या गच्चीवर गर्दी जमवण्याआधी मात्र हेच आकडे उलट्या बाजूने वाचावेत.

तिसरी म्हणजे मामांचं 'नॉर्थ लाइट'. करवतीच्या दातांसारखं छप्पर तुम्ही पाहिलं असेल. एक बाजू तिरपी आणि बंद, दुसरी उभी आणि काचेची. काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन आत येत नाही, फक्त उजेड येतो. सावली न पाडणारा, डोळ्यांत न जाणारा. विणकाम करणाऱ्याला धागा दिसायला हवा, त्यासाठी केलेली ही सोय. इथे पुण्याचा एक छोटा घोळ आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि तेवढे दिवस काचांतून ऊन डोकावतं. मामा म्हणाले, "मे महिन्यात आम्ही त्या काचांना चुना फासायचो. पाऊस आला की आपोआप धुऊन जायचा." सध्याच्या कोणत्याही सल्लागाराने याहून स्वस्त उपाय सुचवलेला मी ऐकला नाही.

पाडून नवं बांधलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न रास्त आहे. नवी इमारत स्वच्छ असते, लिफ्ट असते, पार्किंग असतं.

पण सिमेंटची एक गोष्ट लक्षात घ्या. चुनखडीचा दगड भट्टीत भाजून सिमेंट करतात. भट्टीला लागणाऱ्या इंधनाचा धूर होतोच, शिवाय भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. उभ्या इमारतीसाठी हा धूर कधीच होऊन गेला आहे. त्याला 'अंगभूत कार्बन' म्हणतात. शेड पाडली की तो हिशेब पाण्यात जातो आणि नव्या इमारतीसाठी पहिल्यापासून धूर करावा लागतो. वर राडारोडा उरतो, आणि आपल्याकडे तो कुठे जातो हे नदीकाठाने चालणाऱ्या कुणालाही विचारा.

एफएसआयचं काय, मालक ऐकेल का?

खरी अडचण इथे आहे आणि ती पैशाची आहे. एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. प्लॉट १०,००० चौरस फुटांचा आणि एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून १०,००० चौरस फूट बांधता येतात. २ असेल तर २०,०००. शेड असते एकमजली. तिच्यावरची सगळी हवा रिकामी, आणि पुण्यात त्या हवेलाच भाव आहे. मालकाला शेड दिसतच नाही, तिच्या वर न बांधलेले चौदा मजले दिसतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आपल्यापैकी कुणाचा प्लॉट असता तर आपल्यालाही तेच दिसले असते.

यावर दोन वाटा आहेत. वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला वर बांधता येत नाही, तेव्हा ती न बांधलेली हवा तो दुसरीकडे विकू शकतो. याला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क म्हणतात. आपल्या गावातल्या विहिरीवरची पाण्याची पाळी शेजाऱ्याला द्यावी आणि त्याच्याकडून धान्य घ्यावं, तसा हा व्यवहार. पण त्यासाठी शेड आधी वारसा यादीत यावी लागते, आणि आपली 'वारसा' म्हणताना मान आपोआप देऊळ आणि वाड्याकडे वळते.

दुसरी वाट मला जास्त जमणारी वाटते. औद्योगिक जमीन निवासी करायची, ज्याला बिल्डर मंडळी 'आय टू आर' म्हणतात, तर मोठ्या जागेचा ठरावीक वाटा सार्वजनिक सोयींसाठी ठेवावा लागतो. तो वाटा बहुधा कोपऱ्यातला रिकामा तुकडा असतो, त्याला कुंपण पडतं आणि आत गवत वाढतं. तो वाटा उभ्या शेडसकट का घेऊ नये? एवढीच माझी मागणी आहे. अख्खा कारखाना राखा, असं मी म्हणत नाही. बारा गाळ्यांतले चार पुरेत.

हे कागदावर नीट लिहून घ्यावं लागतं, याचा धडा मुंबईने दिला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात सूत्र होतं: गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. मैदानं आणि घरं यांच्या वाट्याला चिंधी आली. एका शब्दाच्या व्याख्येत एवढं बसलेलं असतं.

कॅफे झाला म्हणजे कट्टा झाला का?

नाही. इथे लोक हमखास गल्लत करतात.

राजा बहादूर मिलच्या आवारात आज रेस्टॉरंट्स आहेत, गाण्याचे कार्यक्रम आणि प्रदर्शनं होतात. दगडी-विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, हे चांगलंच झालं. ती जागा खासगी आहे आणि तिने धंदा करावा यात गैर काही नाही. पण इमारत वाचणं आणि लोकांना जागा मिळणं या दोन गोष्टी आहेत. पहिली झाली की दुसरी आपोआप होत नाही.

फरक ओळखायची माझी कसोटी पाराची आहे. गावच्या पारावर बसायला काही विकत घ्यावं लागत नाही, काही कारण सांगावं लागत नाही, आणि उठ म्हणणारा कुणी नसतो. पुण्यात कट्ट्यावर हेच चालतं. एक पेन्शनर, एक कॉलेजातली मुलगी आणि भाजी आटोपून दोन मिनिटं टेकलेली बाई, तिघं खिशात हात न घालता दुपारी तीन ते पाच बसू शकतात का? बसू शकत असतील तर ती लोकांची जागा. नाही तर ते छान हॉटेल आहे.

जगात या कसोटीला उतरलेलं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात आहे. पोंपेया नावाच्या भागात पत्र्याची पिंपं बनवणारा कारखाना होता. त्याचं सार्वजनिक केंद्र करायचं काम लीना बो बार्डी या वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. त्या शनिवारी बघायला गेल्या, तर शेडमध्ये मुलं पळतायत, आया खाणं करतायत, बाहुल्यांचा खेळ चाललाय. लोकांनी जागा आधीच ताब्यात घेतली होती. बाईंनी ठरवलं, आपण यात कमीत कमी ढवळायचं. शेड ठेवल्या, गिलावा काढला, फरशीतून पाण्याचा एक बारीक वाकडा ओहोळ नेला, वाचायला आणि बैठे खेळ खेळायला जागा केल्या. १९८२ मध्ये ते उघडलं, आणि आजही म्हातारी माणसं तिथे सोफ्यावर पेपर वाचत पेंगताना दिसतात. पेंगू देणं हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या किती सार्वजनिक जागांत पेंगलेल्या माणसाला वॉचमन उठवत नाही?

लंडनचं बंद वीजकेंद्र २००० साली टेट मॉडर्न संग्रहालय झालं, जर्मनीत डुइसबुर्गला लोखंडाच्या कारखान्याची बाग झाली आणि तिथल्या वायूच्या टाकीत पाणी भरून लोक बुडी मारायला शिकतात. ही उदाहरणं प्रसिद्ध आहेत, फोटोही छान येतात. आपल्याला मात्र पोंपेया जवळचं, कारण ते गल्लीतलं आहे.

लाइट बिल कोण भरणार?

उद्घाटन करायला सगळे येतात. तिसऱ्या वर्षी पंखा बंद पडतो तेव्हा कुणी नसतं.

पोंपेया चालवणारी संस्था व्यापारी आस्थापनांच्या पगारखर्चावर १.५ टक्के सक्तीच्या वर्गणीतून चालते. गणपतीची वर्गणी कायद्याने बांधून दिली, असं समजा. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे केबलच्या जुन्या कारखान्यात दुसरी रीत आहे. तो शहराच्या मालकीच्या कंपनीकडे आहे, आत कलाकारांना, नृत्यशाळांना, छोट्या संस्थांना जागा भाड्याने दिल्या आहेत, आणि त्या भाड्यातून इमारतीचा खर्च निघतो.

पुण्यात दुसरी रीत पहिल्यापेक्षा लवकर जमेल. चार गाळ्यांतले दोन भाड्याने द्यायचे: एकात बचत गटाचं पोळी-भाजी केंद्र, एकात सायकल नि मिक्सर दुरुस्ती, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. तालमीला जागा मिळत नाही म्हणून हौशी मंडळी कुणाच्या तरी टेरेसवर कुजबुजत संवाद म्हणतात, हे मी स्वतः केलं आहे. उरलेले दोन गाळे मोकळे, फुकट, सतरंजीसकट. ढोल-ताशा पथकाला मात्र आत घेऊ नका. कठीण भिंती आणि पत्रा यांवरून आवाज उसळत राहतो, कानाचे पडदे आणि शेजारी दोन्ही जातील. आत जाऊन एक टाळी वाजवून बघा, तिचा नाद रेंगाळला तर भाषणही समजणार नाही. जाड पडदे, सतरंज्या आणि मुख्य म्हणजे माणसं, आवाज शोषतात. भरलेल्या शेडमध्ये घुमणं बरंच कमी होतं.

एक अडचण कुणी आधी सांगत नाही: जुलै. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वक्त्याचे फक्त ओठ हलतात. पत्र्याखाली आवाज आणि उष्णता अडवणारा थर द्यावाच लागतो, आणि त्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरावा. दुसरी, करवती छपराच्या दोन दातांमधली पन्हळ. गळती बहुतेक वेळा तिथूनच. "पन्हळ मेच्या आत साफ केली नाही तर जूनमध्ये बादल्या," हे मामांचं वाक्य कुठल्याही देखभाल करारात जसंच्या तसं घालावं.

जुनी इमारत अंगावर आली तर?

ही भीती खोटी नाही, आणि पुनर्वापराच्या प्रेमात पडलेले लोक तिला उडवून लावतात ते चूक आहे. उरलेल्या भाताला फोडणी दिली तर चांगला लागतो, पण विटलेला भात फोडणीने सुधारत नाही. शेड कुठल्या प्रकारात आहे ते आधी बघायचं.

त्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. अभियंता खांबांच्या बुडाशी गंज किती खोल गेला ते बघतो, कैचीचे जोड तपासतो, भिंतीचा चुना भुसभुशीत झाला का ते पाहतो. खांबाच्या बुडाशी यासाठी की पाणी तिथे साचतं, वरून रंग चकाचक असला तरी. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांना हात लावला नाही तर फारसा धोका नाही, पण ड्रिल मारलं किंवा फोडले की सूक्ष्म तंतू उडतात आणि फुफ्फुसात कायमचे बसतात. ते ओले करून, अख्खेच्या अख्खे उतरवायचे. जिथे रसायनं किंवा प्लेटिंगचं काम चाले, तिथली माती तपासल्याशिवाय मुलांना खेळायला सोडायचं नाही. अशा दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत.

आणि आग. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये आग लागून १४ माणसं गेली. कारखान्यात कामगारांना दारं पाठ असतात. समारंभाला आलेल्या पाहुण्याला नसतात, आणि दिवे गेल्यावर तो ज्या दाराने आला त्याच दाराकडे पळतो. म्हणून लोकांसाठी जागा करताना जुन्या शेडला नवी दारं पाडावीच लागतात, विटांची भिंत कितीही देखणी असो. या एका बाबतीत वारशाने गप्प बसावं.

पार्किंग, आणि बायका येतील का?

पार्किंगची चर्चा पुण्यात टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात. पीसीएमसी ते स्वारगेट मेट्रो जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातूनच जाते. जागा स्टेशनपासून चालत पोचण्यासारखी निवडली तर निम्मा प्रश्न सुटतो. बायकांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. औद्योगिक भागातले रस्ते संध्याकाळी सातनंतर ओस पडतात. शेड कितीही सुंदर केली आणि तिथवरच्या दोनशे मीटरला दिवा नसेल, आत स्वच्छ मुतारी नसेल, तर तिथे फक्त पुरुष बसतील. कट्ट्याचं नाव घेऊन आपण अजून एक पुरुषांचा अड्डा बांधू.

तुमच्या भागात शेड पडायला आली असेल तर

विकास आराखड्यात किंवा जमिनीच्या वापरात बदल करायचा असेल तर जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी साधारण महिन्याची मुदत असते. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. हरकत साध्या कागदावर, मराठीत, सर्व्हे नंबरासह देता येते. पोच घ्यायला विसरू नका. 'शेड वाचवा' एवढंच लिहू नका. कुठले गाळे, कशासाठी, चालवणार कोण आणि भाडं कुठून येणार, हे चार ओळींत लिहा. चार ओळींचा अर्ज साहेब वाचतात.

मामांच्या कंपनीची शेड कधीच गेली, तिथे आता चार टॉवर आहेत. त्या दिवशी कॅफेतून निघताना ते दाराशी थांबले आणि चौकटीच्या उजव्या बाजूला भिंतीत बुजवलेल्या चार भोकांवर बोट ठेवलं. "इथे पंचिंग मशिन असणार. कार्ड इथेच ठोकत असतील." मग घड्याळ पाहिलं. सव्वातीन. "सेकंड शिफ्टला पंधरा मिनिटं लेट," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.